वाचनालयासाठी 'स्मार्ट' उपकरणं: आधी दमटपणा मोजा, गेटचं नंतर बघू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापूर शहरातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. २२,००० पुस्तकं, त्यात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूची कपाटं. एका आतल्या खोलीत जुने बांधीव अंक आणि काही पोथ्या. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या साठ मुलांची अभ्यासिका. एका पुरवठादाराने तीन लाखांचं 'स्मार्ट लायब्ररी' पॅकेज पुढे केलंय: आरएफआयडी गेट (पुस्तकावरचा रेडिओ टॅग ओळखणारं), चेहरा ओळखणारी हजेरी, मोबाइलवरून चालणारे एसी आणि दिवे, सहा कॅमेरे. समितीला ते आवडलंय, तुम्हाला शंका आहे, आणि यातलं काय घ्यावं ते तुम्ही विचारताय.

उपकरण कोणतं घ्यायचं हा पुढचा प्रश्न आहे. आधी हे ठरवा की त्याने दाखवलेल्या आकड्यावर कोण, केव्हा, काय करणार. दमटपणा ७० टक्के झाल्याचा मेसेज रात्री दहाला आला आणि कुलपाची किल्ली सचिवांच्या घरी असेल, तर त्या मेसेजचा उपयोग नाही. पॅकेजमधल्या प्रत्येक वस्तूपुढे हे तीन शब्द लिहून काढा. निम्मी यादी तिथेच गळते.

बाकी बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. सूची संगणकावर पूर्ण आहे का, छत आरसीसी आहे की पत्र्याचं, इंटरनेट किती वेळ असतं, आणि तुमच्याशिवाय आणखी कोणाला राउटरचा पासवर्ड माहीत आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी 'असं असेल तर' येणार, त्याला इलाज नाही.

सुरुवात मी जुन्या अंकांच्या खोलीपासून करेन. पैसे सगळ्यात कमी लागतात आणि नुकसान तिथेच सगळ्यात जास्त होतं. सोलापूरची हवा वर्षभरात दोन टोकांना जाते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर आणि दमटपणा दुपारी २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली. तेव्हा कागद कडक होतो आणि जुन्या बांधणीचा डिंक तडकतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात तीच खोली ७०-८० टक्क्यांवर जाते. ६५ टक्क्यांच्या वर दमटपणा सलग राहिला की बुरशीला वाव मिळतो, आणि कसर तर वाटच बघत असते. कागदासाठी ४५ ते ५५ टक्के चांगले मानतात. पण एसीशिवाय ते बाराही महिने राखणं आपल्याकडे जमत नाही, म्हणून त्याचा हट्ट नको. पावसाळ्यात ६५ च्या वर सलग राहू द्यायचं नाही आणि दिवसा-रात्रीतला चढउतार कमी ठेवायचा, एवढं उद्दिष्ट पुरे.

सेन्सर निवडताना डीएचटी-११ टाळा. तो दमटपणात पाच टक्के इकडे-तिकडे दाखवतो आणि २० टक्क्यांखाली मोजतच नाही, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात तो आंधळा. एसएचटी-३१ घ्या, त्याची चूक साधारण दोन टक्क्यांची. तो ईएसपी-३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या नियंत्रक बोर्डाला चार तारांनी जोडला जातो. बोर्डाला साधा पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर पुरतो. बॅटरीवर चालवायच्या भानगडीत पडू नका, ४३ अंशांच्या खोलीत लिथियम सेल लवकर मरतात. अशा खोलीला तीन सेन्सर लागतात: एक मधल्या रॅकवर, एक बाहेरच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात जिथे हवा खेळत नाही, आणि तिसरा इमारतीबाहेर सावलीत, पाऊस लागणार नाही असा. उंची जमिनीपासून एक ते सव्वा मीटर. पंख्याखाली किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीजवळ लावलात तर तो पंख्याची आणि ट्यूबची हवा मोजेल.

लावण्याआधी मिठाची चाचणी करा, खर्च शून्य. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ घ्या आणि ते ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. झाकण आणि सेन्सर एका हवाबंद बरणीत ठेवा. आठ ते बारा तासांनी दमटपणा ७५ टक्के दिसला पाहिजे. ७९ दिसला तर त्या सेन्सरच्या प्रत्येक आकड्यातून चार वजा करायचे. ही वजाबाकी ईएसपी-होममध्ये (बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एका ओळीत बसते. दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, हीच चाचणी पुन्हा करा.

आकडा मिळाला की करायचं काय? बहुतेक जण इथे चुकतात. दमटपणा वाढला म्हणून खिडक्या उघडतात, आणि पावसाळ्यात त्यानेच बिघडतं. टक्का हवेच्या तापमानावर बदलतो, त्यामुळे आतला आणि बाहेरचा टक्का थेट ताडून पाहता येत नाही. ताडून पाहायचा तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसू लागतं तो आकडा. उदाहरण घ्या. संध्याकाळी आत ३१ अंश आणि ५८ टक्के, बाहेर २६ अंश आणि ८० टक्के. आतल्या हवेचा दवबिंदू निघतो सुमारे २१.८ आणि बाहेरच्या हवेचा २२.३. टक्क्यांत एवढा फरक असूनही पाण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच आहे, म्हणजे खिडकी उघडून खोली वाळणार नाही. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा किमान दोन अंश खाली असेल तेव्हाच एक्झॉस्ट पंखा चालवायचा. हे गणित ईएसपी-३२ स्वतः करतो आणि पंखाही स्वतःच चालू-बंद करतो, रात्री किल्ली लागत नाही. या सगळ्या यादीत मला मनापासून आवडणारं ऑटोमेशन हे एकच. मात्र त्यासाठी पट्टीवरचा स्वस्त निळा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) वापरू नका. मोटर चालू-बंद होताना त्याचे संपर्क चिकटतात आणि पंखा चालूच राहतो. मोटरच्या भारासाठी असलेला १६ अँपिअरचा बंदिस्त स्विच घ्या, आणि जोडणी वायरमनकडून करून घ्या.

आता एसी. पुरवठादाराच्या यादीतला 'मोबाइलवरून एसी' जुन्या अंकांच्या खोलीत नको, निदान पावसाळ्यात दिवसा चालू आणि रात्री बंद अशा पद्धतीने तर नकोच. दिवसभर एसीने पुस्तकं २४ अंशांपर्यंत गार होतात. रात्री आठला एसी बंद झाला की २२ अंश दवबिंदूची बाहेरची हवा फटींतून आत येते. त्या गार पुस्तकांच्या पृष्ठभागाशी दमटपणा ९० टक्क्यांच्या घरात पोचतो. एसी नसता तर बरं झालं असतं, अशी वेळ येते. चोवीस तास चालवायची ऐपत असेल तरच तिथे एसी लावा. नाहीतर ते पैसे एक्झॉस्ट आणि दारांच्या फटी बुजवण्यावर घाला.

कूलरचं वेगळं. अभ्यासिकेत एप्रिल-मेमध्ये कूलर चालवायला काहीच हरकत नाही, कोरड्या हवेला तो मानवतो. पुस्तकांच्या खोलीत मात्र कूलर नको. अभ्यासिकेच्या कूलरला स्मार्ट प्लग लावून 'दमटपणा ६० च्या वर गेला की बंद' एवढा एक नियम घाला. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावरही सवयीने कूलर चालू राहतो, तेव्हा हा नियम कामाला येतो.

पाण्याचं एक. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे गच्चीवरच्या टाक्या काठोकाठ भरून ठेवायची सगळ्यांना सवय. टाकी वाहते, पाणी गच्चीवर साचतं आणि खाली पुस्तकांवर ठिपकतं. पहिला उपाय स्मार्ट नाही: चांगला बॉल कॉक. त्यानंतर हवं असेल तर पातळी मोजणारा सेन्सर. नेहमीचा एचसी-एसआर०४ टाकीत वाफेने लवकर जातो, त्याऐवजी जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक घ्या. त्याला जवळचं दिसत नाही, साधारण २० ते २५ सेंटीमीटरच्या आतलं अंतर चुकीचं येतं. म्हणून टाकी पूर्ण भरली तरी पाणी सेन्सरपासून ३० सेंटीमीटर खाली राहील, इतक्या उंचीवर तो बसवा. पोथ्यांच्या खोलीत जमिनीवर गळती ओळखणारी पट्टी टाकली तर उत्तम, आणि सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटीमीटर वर ठेवला तर त्याहून उत्तम.

मग अभ्यासिकेतले 'माणूस ओळखणारे' दिवे आणि पंखे. इथे सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक पाहतो. मे महिन्यात दुपारी खोलीच ३६-३८ अंशांवर असते, म्हणजे फरक उरतच नाही. त्यात मुलं तासन् तास न हलता वाचत बसतात. पाच मिनिटांनी पंखा बंद, दिवे बंद, वरून आरडाओरडा. रडार सेन्सर (एलडी-२४१० सारखे, २४ गिगाहर्ट्झचे) स्थिर माणूस ओळखतात, पण फिरत्या पंख्यालाही माणूस समजतात. पंख्याच्या रेषेतून बाजूला, भिंतीवर लावून संवेदनशीलता कमी केली तर चालतात, पण ती खटपट संडास आणि जिन्याच्या दिव्यापुरती ठेवा. अभ्यासिकेत वीज वाचवायची असेल तर पंखेच बदला. साधा पंखा ७० ते ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. १२ पंखे रोज दहा तास चालले तर दिवसाला साधारण पाच युनिट वाचतात, आणि त्यासाठी ना अॅप लागतं ना वाय-फाय.

येणाऱ्यांची मोजदाद हवी असेल तर दारात इन्फ्रारेड किरणांची जोडी पुरते. एकामागे एक अशा दोन जोड्या, मध्ये १० ते १५ सेंटीमीटर अंतर. कोणती आधी तुटली यावरून आत की बाहेर ते कळतं. उंची ९० सेंटीमीटर, म्हणजे बालविभागातली मुलंही मोजली जातात. खांद्याला खांदा लावून दोघे आले तर एकच मोजला जातो, हे गृहीत धरा. दार पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन थेट रिसीव्हरवर पडून मोजणी थांबते. रिसीव्हर सावलीच्या बाजूला घ्या किंवा त्याला काळी नळी लावा. जवळपास यंत्रमाग असतील तर सुताचे बारीक तंतू काचेवर बसतात, आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसणं आलं. आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत आकडा खाली आला, तर लगेच सेन्सर उघडून बसू नका.

इथपर्यंतचं सगळं मिळून तुमच्या तीन लाखांचा छोटा हिस्साच खर्च होतो. एक ईएसपी-३२ चार-पाचशे रुपयांत येतो. खर्च जातो तो वायरिंग, एक्झॉस्ट आणि पंख्यांवर.

आता जोडणी, कारण अर्ध्या तक्रारी इथूनच येतात. ईएसपी-३२ आणि बहुतेक स्वस्त स्मार्ट प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर पहिल्या जोडणीच्या वेळी गोंधळ होतो, उपकरणांसाठी वेगळं नाव द्या. पुस्तकांनी भरलेले लोखंडी रॅक आणि जुन्या इमारतीच्या दगडी भिंती सिग्नल खातात. सेन्सरच्या जागी सिग्नल उणे ७० डीबीएमपेक्षा कमकुवत असेल (उणे ७८ वगैरे), तर आज चालेल आणि पुढच्या आठवड्यात कपाटं हलवल्यावर तुटेल. राउटर टेबलाखाली नको, रॅकच्या माथ्याच्या वर हवा.

वीज जाऊन आली की उपकरणं काही सेकंदांत उठतात, राउटरला दोन मिनिटं लागतात. काही प्लग तोवर कंटाळून नव्या जोडणीच्या स्थितीत जातात आणि तिथेच अडकतात. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा, ही तक्रार संपते. प्रत्येक प्लगमध्ये 'वीज आल्यावर काय' ही सेटिंग असते. पंख्यासाठी 'आधीची स्थिती', कूलरसाठी 'बंद'. स्मार्ट बल्बमध्ये ती सेटिंग राहून गेली तर मध्यरात्री वीज आल्यावर सगळी अभ्यासिका उजळते, शेजारी सकाळी विचारायला येतात. नोंदी ठेवणारा छोटा संगणक रास्पबेरी पाय असेल तर मेमरी कार्डावर चालवू नका, वीज अचानक गेली की कार्ड खराब होतं. एसएसडी लावा, आणि पत्र्याच्या बंद पेटीत ठेवू नका. त्याचा प्रोसेसर ८० अंशांपासून स्वतःला मंद करतो आणि आपल्या मे महिन्यात बंद पेटीत तिथवर जायला त्याला वेळ लागत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्यांनाही हाच नियम, दर दहा अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

आणि इंटरनेट नसताना प्रत्येक वस्तू हाताने चालली पाहिजे. भिंतीवरचं बटण काढून टाकायला सांगणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा.

आरएफआयडी. गेट वाईट नाही, पण तुमच्यासाठी ते शेवटचं काम आहे. आधी सूची: सॉफ्टवेअर कोहा असो की ई-ग्रंथालय, २२,००० नोंदी त्यात युनिकोडमध्ये पूर्ण हव्यात. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी शीर्षकं असतील तर आधी त्यांचं रूपांतर करा, नाहीतर शोधून पुस्तक सापडणार नाही आणि गेट कशाला राखतंय तेच कळणार नाही. त्यानंतर बारकोड. देवघेवीचा वेग बारकोडनेच बराच वाढतो. आरएफआयडीचा खरा फायदा वार्षिक पडताळणीत आहे, रॅकसमोरून हातातलं यंत्र फिरवून. तो घ्यायचाच असेल तर हिशेब मांडा. टॅग दहा रुपयांना धरला तरी नुसते टॅगच २,२०,००० रुपयांचे. एक माणूस दिवसाला २०० पुस्तकांना टॅग चिकटवून, लिहून, तपासतो असं धरलं तर ११० कामाचे दिवस. पॅकेजमध्ये 'गेट' मोठ्या अक्षरात असतं आणि किती टॅग मिळणार ते बारीक अक्षरात, तेवढं वाचा.

टॅग चिकटवताना सगळे एकाच जागी लावू नका. बालविभागातली ३२ पानी पुस्तकं एकमेकांना चिकटून उभी असतात. टॅगवर टॅग आला की यंत्राला तीनपैकी एकच दिसतो. वर, मध्ये, खाली असे आलटून पालटून लावा. लोखंडी रॅकच्या बाजूच्या पत्र्याला टेकलेलं शेवटचं पुस्तकही बरेचदा वाचलं जात नाही. गेटजवळ लोखंडी शटर असेल तर तिथे आंधळी जागा तयार होते किंवा उगाच घंटा वाजते, जागेवर चाचणी घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. टॅग १३.५६ मेगाहर्ट्झचे एचएफ आणि आयएसओ २८५६० (वाचनालयाच्या टॅगचं मानक) प्रमाणे लिहिलेले मागा. त्यांच्या गेटला 'पुस्तक दिलंय की नाही' हे टॅगवरच कळतं, त्यामुळे नेट गेलं तरी चालतं. यूएचएफची (त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीची) बरीच गेट प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारतात, तो बंद असेल तर गेट नुसतं शोभेचं. टॅगवर फक्त दाखल क्रमांक असू द्या, वाचकाचं नाव कधीच नको.

चेहऱ्याची हजेरी घेऊ नका. अभ्यासिकेत १८ वर्षांखालची मुलं येतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. ती कागदपत्रं सांभाळायची, चेहऱ्यांचा साठा कुठल्या सर्व्हरवर आहे ते शोधायचं, आणि मिळवायचं काय, तर जी हजेरी वहीवर सहीने होते ती. ओळखपत्रावरचा बारकोड पुरतो.

कॅमेरे दोन घ्या: एक दारात, एक जुन्या अंकांच्या खोलीच्या दारावर. वाचणाऱ्याच्या टेबलावर रोखलेला कॅमेरा नको. कोण काय वाचतो हे वाचनालयाने चित्रित करायची गोष्ट नाही. पहिल्या दिवशी मूळ पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर असेच, कारखान्याच्या पासवर्डने ताब्यात घेतले होते. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांसाठी बाहेरची वाट आपोआप उघडणारी सोय) बंद करा, आणि उपकरणांचं वाय-फाय देवघेवीच्या संगणकापासून वेगळं ठेवा. त्या संगणकावर वाचकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात.

एक फार साधी गोष्ट, जिच्यामुळे चांगली यंत्रणाही बंद पडते: अॅपचं खातं कोणाच्या मोबाइल नंबरवर आहे? बहुधा पुरवठादाराच्या तंत्रज्ञाच्या, किंवा निवृत्त होणाऱ्या शिपाईकाकांच्या. नंबर बदलला की ओटीपी येत नाही आणि सगळी उपकरणं पुन्हा शून्यातून जोडावी लागतात. वाचनालयाच्या नावाचं एक सिमकार्ड आणि एक ईमेल काढा, सगळी खाती त्यावर करा, पासवर्ड दाखल नोंदवहीच्या कपाटात बंद पाकिटात ठेवा.

पुरवठादाराकडून सही करण्याआधी लेखी घ्या: दुसऱ्या वर्षाचं देखभाल शुल्क किती, बिघाड झाल्यास माणूस सोलापुरात किती तासांत पोचेल (पुण्याहून 'बघतो' नव्हे), यंत्रणा एसआयपी-२ वर (देवघेवीची यंत्रं आणि सूचीचं सॉफ्टवेअर जोडायची ठरलेली पद्धत) कोहाशी बोलते का, आणि सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये तुम्हाला स्वतः काढता येतात का. शेवटचं उत्तर तोंडी 'हो' आलं तर समोर बसवून एकदा काढून दाखवायला सांगा.

आता मे चालू असेल तर तीन सेन्सर आणि मिठाची बरणी एवढंच आधी करा. जून ते ऑक्टोबरचे आकडे हातात आले की एक्झॉस्ट किती मोठा हवा ते त्यावरूनच ठरवता येईल. ते आकडे इथे टाका, पंख्याचं माप काढून देतो.